मुक्या जीवांचे दात : जीवदयेच्या इतिहासातील एक दुर्लक्षित पान

संस्थेच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त निघणाऱ्या या स्मरणिकेत मंदिर, पाठशाळा आणि धर्मशाळा यांच्या वाटचालीवर जाणकार मंडळी लिहीत आहेत. जीवदया हा विषयही आपणास नवा नाही. चारा, पाणी आणि निवारा यांची चर्चा आपण नेहमीच करतो. प्रस्तुत लेखात मात्र जीवदयेच्या एका लहान, पण आजवर बाजूला राहिलेल्या अंगाचा इतिहास मांडावयाचा आहे. ते अंग म्हणजे कुत्री व मांजरे यांच्या दातांची शास्त्रशुद्ध चिकित्सा. विषय ऐकून काहींना हसू येईल. परंतु शास्त्राच्या दृष्टीने पाहिल्यास तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही, असे मला नम्रपणे वाटते.

शास्त्राची बैठक

अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार तत्त्वार्थसूत्राने सांगितले आहेत : बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. हे सूत्र दिगंबर व श्वेतांबर या दोन्ही परंपरांना मान्य आहे. या पाचांकडे बारकाईने पाहिले, तर ते प्रामुख्याने श्रावकाच्या आश्रयास असलेल्या जनावरांनाच लागू पडतात, हे लक्षात येते. हेमचंद्राचार्यांच्या योगशास्त्रात निषिद्ध ठरविलेल्या पंधरा कर्मादानांत ‘दंतवाणिज्य’ आहे. प्राण्यांच्या दातांवर पैसा मिळवू नये, हे आपल्या पूर्वजांनी इतक्या स्पष्टपणे ठरवून ठेवले आहे.

कुत्र्याविषयीही आपली परंपरा उदासीन नाही. समंतभद्राचार्यांनी रत्नकरंड श्रावकाचारात धर्माच्या योगाने श्वानही देवगतीस जाऊ शकतो, असे म्हटले आहे. जीवंधरकुमाराने मार खाऊन मरणपंथास लागलेल्या कुत्र्याच्या कानात णमोकार मंत्र सांगितला आणि तो सुदर्शन यक्ष झाला, ही कथा आपल्या पाठशाळांतील मुलांनाही ठाऊक असते. तेराव्या शतकातील जैन पंडित हंसदेव यांनी तर ‘मृगपक्षिशास्त्र’ नावाचा स्वतंत्र संस्कृत ग्रंथ रचून पशुपक्ष्यांचे प्रकार व स्वभाव वर्णिले. आपण तीर्थ म्हणून वंदन करतो त्या गिरनारच्या पायथ्याशी अशोकाचा शिलालेख आहे. त्यातील दुसऱ्या आज्ञेत मनुष्यांबरोबर पशूंच्याही चिकित्सेची व्यवस्था केल्याचा उल्लेख आहे.

साताऱ्याचा खंड्या

आपल्या भागातील श्वानप्रेमाचा सर्वांत ठळक दाखला छत्रपती शाहू महाराजांचा आहे. साताऱ्याजवळ संगम माहुली येथे त्यांच्या ‘खंड्या’ नावाच्या कुत्र्याची समाधी आजही दाखविली जाते. वाघाच्या तावडीतून त्याने महाराजांचे प्राण वाचविले, अशी परंपरागत हकीकत आहे. साताऱ्यास ब्रिटिश प्रतिनिधी असलेल्या ग्रँट डफ यांनीही 1826 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मराठ्यांच्या इतिहासात या कुत्र्याची दखल घेतली आहे. त्याला जहागिरीची सनद व पालखीचा मान होता, असे ते नमूद करतात. महाराजांचे निधन 1749 मध्ये झाले. म्हणजे एका मुक्या जनावराचे उपकार स्मरण्याची ही रीत साताऱ्यात पावणेतीनशे वर्षांहून जुनी आहे.

बाजारातले दात

याच मुलखात जनावरांचे दात पाहण्याची कला मात्र वेगळ्या कारणासाठी वाढली. पुसेगावच्या सेवागिरी महाराजांची यात्रा असो की खरसुंडीच्या सिद्धनाथाची, खिल्लार बैलांच्या बाजारात शेतकरी प्रथम जनावराचा जबडा उघडून पाहतो. आदत, दुसा, चौसा, जुळलेला या शब्दांनी वय ठरते आणि वयावरून किंमत. घोड्यांच्या बाबतीतही हेच होते. दात पाहिले गेले ते भाव ठरविण्यासाठी, दुखणे ओळखण्यासाठी नव्हे. कुत्र्यामांजरांना तर बाजारभाव नव्हता. त्यामुळे त्यांच्या तोंडात डोकावण्याचे कारण कोणालाच पडले नाही.

1832 ते 1886

कुत्र्यांच्या रक्षणासाठी महाराष्ट्रात पहिला मोठा सार्वजनिक उठाव झाला तो 1832 च्या जून महिन्यात, मुंबईत. मोकाट कुत्री मारण्याच्या कंपनी सरकारच्या मोहिमेत शिपायांना प्रत्येक कुत्र्यामागे बक्षीस मिळत असे. त्या लोभाने पाळीव कुत्रीही मारली जाऊ लागली. तेव्हा पारशी समाज रस्त्यावर उतरला. जैन व हिंदू व्यापाऱ्यांनी त्यास साथ दिली आणि बाजार बंद राहिले. पुढे 1834 मध्ये शेठ मोतीचंद अमीचंद आणि जमशेटजी जीजीभॉय यांच्या पुढाकाराने मुंबईची पांजरपोळ उभी राहिली. शत्रुंजयावरील टुंक ज्यांच्या नावाने ओळखली जाते, तेच हे मोतीशा शेठ. व्यापाऱ्यांनी आपापल्या मालावर स्वखुशीने लागा बसवून या कार्यास कायमचे उत्पन्न बांधून दिले. आम्हा व्यापारी मंडळींच्या वहीतील धर्मादाय खाते याच परंपरेतले आहे.

पांजरपोळीने जीव वाचविला. चिकित्सेची पायरी त्यानंतर आली. 1874 मध्ये मुंबईत प्राणिक्लेश निवारण संस्था स्थापन झाली. 1883 मध्ये दिनशा माणेकजी पेटिट यांच्या देणगीतून परळ येथे त्यांच्या पत्नी बाई साकरबाई यांच्या नावाने जनावरांचे रुग्णालय निघाले आणि 1886 मध्ये तेथेच मुंबई पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झाले. आधी आश्रय, मग औषध, मग विद्या, असा हा क्रम आहे.

दंतवैद्यकाचा उदय

जगातील पहिले पशुवैद्यक विद्यालय क्लॉड बुर्जेला यांनी फ्रान्समधील लियाँ येथे काढले. त्याची स्थापना 1761 ची. परंतु तेथेही आणि पुढे अन्यत्रही लक्ष होते ते घोडा व गुरे यांच्याकडे. घोडा सैन्याचा आणि मालवाहतुकीचा आधार असल्याने दंतचिकित्साही त्याचीच होत असे. मोटारी आल्या, घोडा मागे पडला आणि कुत्रे-मांजर घराच्या आत आले. तेव्हा कोठे वैद्यांची दृष्टी त्यांच्या तोंडाकडे वळली. अमेरिकेत 1976 मध्ये पशुदंतवैद्यकांची पहिली संघटना झाली, 1988 मध्ये या विषयाच्या तज्ज्ञांचे स्वतंत्र महाविद्यापीठ मान्यता पावले आणि 1998 मध्ये युरोपने त्याचे अनुकरण केले.

योगायोग असा की, त्याच 1988 साली सातारा जिल्ह्यात, खंडाळा तालुक्यातील शिरवळ येथे पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झाले. त्याला क्रांतिसिंह नाना पाटील यांचे नाव आहे. क्रांतिसिंह आजच्या सांगली जिल्ह्यातील येडे मच्छिंद्रचे आणि त्यांचे प्रतिसरकार साताऱ्याचे म्हणून प्रसिद्ध. सांगली जिल्हा 1949 मध्ये ‘दक्षिण सातारा’ म्हणून वेगळा झाला व 1960 मध्ये त्यास सांगली हे नाव मिळाले. दोन्ही जिल्ह्यांना जोडणारे हे नाव जनावरांच्या वैद्यकीय विद्यालयास मिळाले, ही समाधानाची गोष्ट आहे. पूर्वी ज्या विद्येसाठी मुंबई गाठावी लागे, ती नीरेच्या काठी आली.

चिकित्सा म्हणजे नेमके काय?

मोठ्या कुत्र्यास 42 व मांजरास 30 दात असतात. खाल्लेल्या अन्नामुळे दातांवर जंतूंचा चिकट थर बसतो. तो वेळीच निघाला नाही, तर लाळेतील क्षारांनी टणक होऊन त्याचे किटण बनते. हिरडी सुजते, दाताभोवतीचे हाड झिजते, दात हलू लागतात. तीन वर्षे वयाच्या पुढील बहुसंख्य कुत्र्यामांजरांत हिरडीच्या विकाराची काही ना काही लक्षणे आढळतात. तोंडाची दुर्गंधी ही ‘जनावराची जातच तशी’ म्हणून सोडून देण्याची बाब नसून बहुधा रोगाची खूण असते. डोळ्याखाली गळू येऊन फुटते, त्याचे मूळ अनेकदा वरच्या मोठ्या दाढेत असते. दगड किंवा कठीण हाड चावताना तीच दाढ तडकते. मांजरांत दात विरघळत जाण्याचा एक वेगळा विकार आहे. तो फार वेदनादायक असतो.

उपचारासाठी जनावरास पूर्ण भूल देऊन श्वासनलिकेत नळी घालतात, म्हणजे पाणी व घाण फुप्फुसात जात नाही. किटण अल्ट्रासॉनिक यंत्राने काढतात. हिरडीखालची सफाई हा यातील महत्त्वाचा भाग आहे. त्यानंतर दात गुळगुळीत करतात, एक्स-रे काढतात आणि न वाचणारा दात बधिर करून उपटतात. भुलीशिवाय वरवर खरवडल्याने दात पांढरे दिसतात, पण रोग खाली तसाच राहतो. भूल देण्यापूर्वी वय व रक्ततपासणी पाहावी लागते. तो निर्णय वैद्यांचाच असतो.

छेद की चिकित्सा?

येथे काही धर्मनिष्ठ बंधुभगिनींच्या मनात शंका येईल. दात उपटणे, हिरडी कापणे हा छेद नव्हे काय? तत्त्वार्थसूत्रानेच हिंसेची व्याख्या प्रमत्तयोगाशी, म्हणजे बेसावध व कषाययुक्त प्रवृत्तीशी जोडली आहे. वेदना दूर करण्यासाठी, भूल देऊन, जाणत्या हाताने केलेली शस्त्रक्रिया त्या व्याख्येत बसत नाही. उलट विचार पाचव्या अतिचाराचा करावा. जनावरापुढे पात्र भरलेले आहे, पण सडक्या दाढेमुळे त्याला एका बाजूनेच चावावे लागते किंवा घास तोंडातून टाकून द्यावा लागतो. जनावर कण्हत नाही. भुकेपोटी वेदना सोसून खातच राहते, म्हणून आपल्याला ते बरे वाटते. आपल्या आश्रयास असलेल्या जिवाची ही स्थिती ओळखूनही उपचार टाळणे हे अन्नपाननिरोधाच्या किती जवळ जाते, याचा निर्णय प्रत्येकाने आपल्या मनाशी करावा.

आपल्याला करता येण्याजोगे

प्रथम, रोज सकाळी गल्लीतील कुत्र्यांना बिस्किटे व गोड पदार्थ घालण्याची रीत आपल्याकडे आहे. भावना उत्तम आहे, परंतु हे पदार्थ दातांना चिकटतात. साधी भाकरी व स्वच्छ पाणी अधिक हितकर. दुसरे, घरातील कुत्र्यामांजराचे दात लहानपणापासून मऊ ब्रशने घासण्याची सवय लावावी. मात्र माणसांची टूथपेस्ट वापरू नये. ती त्यांच्या पोटात जाते आणि काहींतील झायलिटॉल कुत्र्यांना विषारी असते. तिसरे, वर्षातून एकदा वैद्याकडून तोंड तपासून घ्यावे. चौथी गोष्ट सावधगिरीची आहे. लाळ गळणाऱ्या, जबडा लोंबणाऱ्या कुत्र्याच्या घशात हाड अडकले असावे असे समजून कोणीही तोंडात हात घालू नये. रेबीजमध्ये नेमकी हीच लक्षणे दिसतात. अशा वेळी पशुवैद्यकास बोलवावे. लाळेचा स्पर्श जखमेस झाला असल्यास ती जागा साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन तातडीने दवाखाना गाठावा.

शेवटी विश्वस्त मंडळासमोर एक विनंती. आपल्या जीवदया खात्यातील खर्च प्रामुख्याने चाऱ्यावर होतो व तो व्हावयासच हवा. त्यातील अल्पसा वाटा दरवर्षी आजारी व निराधार प्राण्यांच्या चिकित्सेसाठी, त्यात दंतचिकित्साही धरून, राखून ठेवता येईल काय? वर्षातून एखादा दिवस तज्ज्ञ पशुवैद्यकांना बोलावून तपासणी शिबिर घेता येईल. मोतीशा शेठांच्या काळात प्राण वाचविणे हेच मोठे काम होते. आज विद्या जवळ आली आहे, साधने आली आहेत. वाचविलेल्या जिवाला वेदनारहित घास मिळावा, हे आपल्या पिढीच्या वाट्याचे काम आहे. सुवर्णमहोत्सवी वर्षात त्याचा प्रारंभ झाला, तर शताब्दीची स्मरणिका लिहिणारे त्याची नोंद आदराने घेतील.

जय जिनेंद्र.