ताडपत्र, गवती चहाचे तेल आणि जतनाची रीत

चेन्नईच्या शासकीय प्राच्य हस्तलिखित ग्रंथालयात सुमारे ७० हजार हस्तलिखिते आहेत आणि त्यांतली बहुसंख्य ताडपत्रांवर आहेत. १८६९ साली उभ्या राहिलेल्या या ग्रंथालयाचा पाया म्हणजे कर्नल कॉलिन मॅकेन्झीने जमवलेला संग्रह. त्यात तमिळ, तेलुगू, कन्नड यांच्या जोडीला मराठी हस्तलिखितेही आहेत. समुद्राकाठच्या दमट हवेत ताडाचे पान तीन-चारशे वर्षांपलीकडे क्वचितच टिकते. बुरशी, कसर आणि वाळवी त्याच्या मागे लागलेल्याच असतात. तरीही दोन हजार वर्षांपूर्वीचे संघम् नावाचे प्राचीन तमिळ साहित्य आज आपल्याला वाचता येते. हे कशामुळे साधले, असे विचारले तर बहुतेक जण गवती चहाच्या तेलाकडे बोट दाखवतात. या उत्तरात तथ्य आहे, पण ते अर्धेच आहे, आणि उरलेले अर्धे त्या तेलाच्या रसायनातूनच उलगडते.

गवती चहाच्या तेलात साधारण ७० ते ८० टक्के सिट्रल असते. सिट्रल हे अल्डिहाइड आहे. म्हणजे त्याच्या रेणूच्या टोकाशी असा एक कार्बन असतो, ज्याला दुहेरी बंधाने ऑक्सिजन आणि एकेरी बंधाने हायड्रोजन जोडलेला असतो. दालचिनीचा वास, व्हॅनिलाचा सुगंध आणि प्रयोगशाळेतले फॉर्मलिन ही याच कुळातली मंडळी. त्या कार्बनला स्वस्थता अशी नाही. प्रथिनांतले नायट्रोजन आणि गंधक असलेले गट दिसले की तो त्यांच्याशी जोडला जातो, त्यामुळे बुरशीच्या पेशींचे कामकाज बिघडते. मात्र हाच चंचलपणा त्याच्या मुळावरही येतो. उजेडात आणि हवेत सिट्रलचे ऑक्सिडीकरण होते, आणि जे उरते ते वासाच्या रूपाने उडून जाते. पोथी उघडताच येणारा तो ताजा वास म्हणजे संरक्षण हळूहळू संपत असल्याचीच खूण. एकदा लावलेले तेल पिढ्यान्‌पिढ्या पुरेल, हे रसायनाच्या नियमात बसत नाही.

म्हणून खरे श्रेय पुन्हा पुन्हा पोथी हाती घेण्याच्या रिवाजाला द्यायला हवे. ताडाची पाने उकळून, वाळवून, घोटून तयार करायची, लोखंडी लेखणीने अक्षरे कोरायची, त्यांत काजळी भरायची आणि दोन फळ्यांमध्ये गठ्ठा बांधायचा, अशी पद्धत होती. अनेक घरांत हे गठ्ठे चुलीच्या वरच्या बाजूला, धुरात राहत. लाकडाच्या धुरातही फॉर्मल्डिहाइड असते, म्हणजे ही मंडळी नाव न जाणता त्याच कुळातल्या रसायनाचा आधार घेत होती. सरस्वतीपूजेला पोथ्या बाहेर येत, आणि जीर्ण झालेल्या पोथीची नवी नक्कल होई. जिथे ही साखळी तुटली तिथे काय झाले, ते उ. वे. स्वामिनाथ अय्यर यांनी लिहून ठेवले आहे. १८८७ साली ‘जीवक चिंतामणी’ हे जुने तमिळ महाकाव्य छापणाऱ्या आणि पुढे मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात शिकवणाऱ्या या विद्वानाला गावोगाव चुरा झालेली पाने आणि नदीत सोडलेल्या पोथ्यांच्या हकिगती मिळाल्या.

यावर कोणी म्हणेल, की मग तेल निरर्थकच, नकलांनीच सगळे तारले. पण नक्कल करायला मूळ पान वाचता यावे लागते. तेलाने कडक झालेले पान थोडे लवचिक होते, काजळी मिसळून चोळले की फिकी अक्षरे पुन्हा उठून दिसतात आणि पुढच्या नकलेपर्यंत पोथी तग धरते. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: आता अधिक जालीम रसायने असताना जुन्या तेलाला का चिकटून बसायचे? याचे उत्तरही रसायनच देते. फॉर्मल्डिहाइड बुरशी मारते हे खरे, पण त्यामुळे माणसाला कर्करोग होतो हे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली मान्य केले. पोथी वाचवताना ती हाताळणाऱ्याचा जीव धोक्यात घालणे कोणत्याही हिशेबात बसत नाही. पोथ्यांची छायाचित्रे संगणकावर घेणे आवश्यकच आहे. तेही नकलेचेच नवे रूप, आणि त्या नकलेलाही वेळोवेळी नव्या माध्यमात उतरवावे लागणार.

तेव्हा जतनाचा पैसा इमारतीवर आणि यंत्रावर जितका खर्च होतो, तितकाच दरवर्षी पाने उघडून, पुसून, तेल लावणाऱ्या प्रशिक्षित हातांवर झाला पाहिजे. ज्या मराठी घरांत जुन्या पोथ्या आणि मोडी कागदांची बासने आहेत, त्यांना एवढेच सांगणे: हे तेल ताडपत्रासाठी आहे, कागदाला ते लावू नका, त्याने डाग पडतात. बासन मात्र वर्षातून एकदा तरी सोडा, कोरड्या हवेत पाने पाहा आणि कीड दिसली तर जाणकाराला दाखवा.