जगात जर्मनी, भारतात परभणी आणि ट्रान्सफर विंडो

जगात जर्मनी आणि भारतात परभणी, असं आमच्याकडे छाती फुगवून म्हणतात. का म्हणतात ते कुणी सांगत नाही. यमक जुळतंय ना, मग झालं तर! आता फुटबॉलपुरतं बोलायचं तर जर्मनीकडे चार वर्ल्डकप आहेत आणि परभणीकडे... असो. पण फुटबॉलमधल्या एका विषयात परभणी जिल्ह्याला जर्मनीपेक्षा जास्त कळतं असं माझं ठाम मत आहे. तो विषय म्हणजे ट्रान्सफर.

मी मूळचा ताडकळसचा. तालुका पूर्णा, जिल्हा परभणी. नोकरी पुण्यात, सॉफ्टवेअरची. व्यसनं दोनच, आर्सेनल आणि मराठवाड्याचं राजकारण. दोन्हीकडे वर्षातून निदान एकदा तरी सकाळी उठल्यावर पहिला प्रश्न हाच असतो की रात्रीतून कोण गेलं आणि कोण आलं. मराठी पेपरवाल्यांनी तर यासाठी मोबाईल कंपन्यांचे शब्द कधीच उचललेत, 'इनकमिंग' आणि 'आउटगोइंग'. आणि दोन्हीकडच्या समर्थकांचा नियमही एकच. आपल्याकडे येतो तो शहाणा, आपल्याकडून जातो तो गद्दार. २००१ साली सोल कॅम्पबेल टॉटनहॅम सोडून आर्सेनलमध्ये आला, तेव्हा त्यांच्यासाठी तो जुडास झाला आणि आमच्यासाठी हिरो. २०१२ साली व्हॅन पर्सी मँचेस्टर युनायटेडला गेला, तेव्हा नैतिकता अचानक आमच्या बाजूला राहायला आली :)

पण गंमत बाजूला ठेवून जरा इतिहास बघू. कारण फुटबॉलमधल्या आणि राजकारणातल्या बदल्यांचा इतिहास बरोबर उलट्या दिशांनी गेलाय, आणि हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

फुटबॉलवाला आधी बांधलेला होता. इंग्लंडमध्ये १८९३ पासून नियम असा, की खेळाडूचा करार संपला तरी त्याची नोंदणी क्लबकडेच राहणार. क्लब म्हणाला 'जा' तरच जायचं, नाहीतर बसून राहायचं, आणि पगारही मिळेल याची खात्री नाही. आपल्याकडच्या सालगड्याचं साल निदान गुढीपाडव्याला संपतं, मग तो दुसऱ्या मालकाकडे जायला मोकळा. इंग्लिश फुटबॉलरला तेवढाही पाडवा नव्हता. १९०५ साली आल्फ कॉमन सुंदरलंडहून मिडल्सब्रोला १००० पौंडात गेला, तेव्हा माणसांची अशी विक्री शोभते का म्हणून ओरड झाली. पुढे जॉर्ज ईस्टहॅमला न्यूकॅसल सोडून आर्सेनलला यायचं होतं आणि क्लब सोडेना. तो कोर्टात गेला, आणि १९६३ साली न्यायमूर्ती विल्बरफोर्स यांनी ही अडकवून ठेवण्याची पद्धत अन्याय्य ठरवली. मग बेल्जियमचा बॉसमन. करार संपलेला, तरी लिएज क्लब त्याच्यासाठी पैसे मागत होता. १५ डिसेंबर १९९५ ला युरोपियन कोर्टाने निकाल दिला की करार संपला म्हणजे खेळाडू मोकळा. वर सांगितलेला सोल कॅम्पबेल आमच्याकडे फुकट आला तो याच निकालामुळे. म्हणजे शंभर वर्षं भांडून खेळाडू हळूहळू सुटत गेला.

राजकारणी आधी मोकळाच होता. १९६७ साली हरियाणात गयालाल नावाच्या आमदारांनी पंधरवड्यात तीनदा पक्ष बदलला आणि 'आयाराम गयाराम' हा शब्द देशाला दिला. त्या काळात पक्षांतराचं पीक इतकं माजलं, की लोकसभेने ठराव करून समिती नेमायला लावली. तिचे अध्यक्ष कोण? आपले यशवंतराव चव्हाण, तेव्हाचे गृहमंत्री. १९६९ साली अहवाल आला. प्रत्यक्ष कायदा व्हायला मात्र १९८५ उजाडलं, ५२वी घटनादुरुस्ती आणि दहावं परिशिष्ट. म्हणजे इकडे मोकळ्या माणसाला बांधायला सुरुवात झाली.

पण बांधलं कसं ते बघा. एकट्याने पक्ष सोडला तर आमदारकी जाणार, एक तृतीयांश जणांनी मिळून सोडला तर ती 'फूट', चालेल. डिसेंबर १९९१ मध्ये छगन भुजबळ शिवसेनेतून आमदार घेऊन काँग्रेसमध्ये गेले ते याच दारातून. २००३ च्या ९१व्या घटनादुरुस्तीने हे दार बंद केलं आणि फक्त दोन तृतीयांशांच्या विलीनीकरणाचं ठेवलं. थोडक्यात, एकटा निघाला तर गुन्हा, टोळीने निघाले तर कायदेशीर. फुटबॉलमध्ये असा नियम केला असता तर अकरापैकी आठ जणांनी एकत्र क्लब सोडला की त्यांना शिक्षा नाही, असं काहीतरी झालं असतं.

आता आमच्या परभणीकडे येतो. ताडकळस ज्या लोकसभा मतदारसंघात आहे त्याचा इतिहास एखाद्या क्लबच्या रेकॉर्ड बुकसारखा आहे. १९९१ ते २०१९ या काळात लोकसभेच्या आठ निवडणुका झाल्या. त्यातली फक्त १९९८ ची काँग्रेसच्या सुरेश वरपुडकरांनी जिंकली, बाकी सातही वेळा शिवसेना. पण या सात विजयांत माणसं पाच. अशोकराव देशमुख, सुरेश जाधव, तुकाराम रेंगे पाटील, गणेशराव दुधगावकर आणि संजय ऊर्फ बंडू जाधव. देशमुख १९९१ ला सेनेचे म्हणून निवडून आले आणि पुढे काँग्रेसकडे गेले. रेंगे पाटील २००४ ला निवडून आले, जुलै २००८ मध्ये मनमोहन सिंग सरकारच्या विश्वासदर्शक ठरावाला गैरहजर राहिले आणि नंतर काँग्रेसमध्ये दिसले. परभणीत सेनेचा खासदार निवडून येतो आणि पक्ष सोडतो, हे मराठवाड्यात म्हणीसारखं झालं होतं.

बाहेरचा माणूस म्हणेल की लोक कंटाळले असतील. छे! लोकांनी पुढच्या निवडणुकीत नवा उमेदवार बघितला, त्याच्या नावापुढचं चिन्ह बघितलं आणि परत धनुष्यबाणावर शिक्का मारला, नंतर बटण दाबलं. यालाच फुटबॉलमध्ये 'जर्सीच्या मागचं नाव नाही, पुढचा बिल्ला बघ' असं म्हणतात. अँफिल्डला किंवा हायबरीला न जाता, एकही मॅच न बघता ही गोष्ट आमच्या लोकांना पाठ होती.

आणि खरं सांगायचं तर माणसांशिवाय बाकी सगळं बदलण्याची आम्हाला सवयही होती. १९४८ पर्यंत आम्ही निजामाचे, मग हैदराबाद राज्याचे. १ नोव्हेंबर १९५६ ला ते राज्य तुटलं आणि मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६० ला महाराष्ट्रात. मागणी लोकांचीच होती, आनंदच झाला. पण फुटबॉलच्या दृष्टीने आमचं केवढं नुकसान झालं ते कुणी मोजलं नाही. हैदराबाद सिटी पोलीस हा संघ १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षं मुंबईत येऊन रोव्हर्स कप जिंकून गेला. त्याचे कोच सय्यद अब्दुल रहीम, ज्यांच्या हाताखाली भारत १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथा आला आणि १९६२ ला जकार्तात एशियाडचं सुवर्ण जिंकला ('मैदान' सिनेमा त्यांच्यावरचाच). १९५० चा ताडकळसकर हैदराबाद राज्याचा नागरिक, म्हणजे हिशेबाने ती आमची टीम! राज्य फुटलं आणि पुढच्याच वर्षी, १९५७ ला, सिकंदराबादचा तुळसीदास बलराम कलकत्त्याच्या ईस्ट बंगालला गेला. खेळाडूची ट्रान्सफर झाली आणि समर्थकांचीही. फरक एवढाच की आम्ही जागेवरून हललो नाही.

आता २०२२. जूनमध्ये एकनाथ शिंदे आमदारांना घेऊन आधी सुरतला आणि मग गुवाहाटीला गेले. झाडी-डोंगार-हाटील सगळ्यांना आठवत असेलच. कलकत्त्यात ७०-८० च्या दशकात मोहन बागान आणि ईस्ट बंगालवाले सह्या होईपर्यंत खेळाडूंना लपवून ठेवायचे, तसाच प्रकार. फक्त यावेळी ५५ पैकी सुमारे ४० आमदार गेले आणि ते म्हणाले, आम्ही क्लब सोडलेलाच नाही, आम्हीच क्लब आहोत. १७ फेब्रुवारी २०२३ ला निवडणूक आयोगाने नाव आणि धनुष्यबाण शिंदे गटाला दिलं. वर्षभराने राष्ट्रवादीचं नाव आणि घड्याळ तसंच अजित पवारांकडे गेलं.

परभणीच्या मतदारापुढे मात्र भलताच पेच पडला. तीस वर्षं त्याने बिल्ला बघून मत दिलं होतं. खेळाडू जायचा, बिल्ला राहायचा. आता उलटं झालं. बंडू जाधव उद्धव ठाकरेंबरोबर थांबले आणि बिल्लाच दुसरीकडे गेला! २०२४ ला ते मशाल घेऊन उभे राहिले, समोर महायुतीचे महादेव जानकर. जाधव लाखाहून जास्त मतांनी निवडून आले.

इंग्लंडमध्ये असाच एक किस्सा आहे. १९८८ ला एफए कप जिंकलेला विम्बल्डन क्लब मालकांनी लंडनहून उचलून मिल्टन कीन्सला न्यायचं ठरवलं आणि मे २००२ मध्ये त्याला परवानगी मिळाली. समर्थकांनी काय करावं? त्यांनी काही आठवड्यांत एएफसी विम्बल्डन नावाचा नवा क्लब काढला आणि सगळ्यात खालच्या पायऱ्यांवरून खेळायला सुरुवात केली. २०११ ला तो क्लब फुटबॉल लीगमध्ये आला. आपल्याकडेही २०२० ला मोहन बागानच्या नावापुढे एटीके लागलं, लोकांनी तीन वर्षं आरडाओरडा केला आणि २०२३ ला ते काढावं लागलं. क्लब कुणाचा, याचं उत्तर कागदावर एक असतं आणि स्टँडमध्ये दुसरं.

आता कुणी म्हणेल की याचा अर्थ जनतेने निकाल दिला, शिंदे चूक आणि ठाकरे बरोबर. इतकं सोपं नाही हो. त्याच वर्षी नोव्हेंबरात विधानसभेला शिंदेंच्या शिवसेनेचे ५७ आमदार आले आणि ठाकरेंचे २०. म्हणजे राज्यातल्या भरपूर लोकांनी बिल्ल्यालाच किंवा नव्या कॅप्टनला मत दिलं. त्यामुळे कोण खरा क्लब हे मी सांगणार नाही. माझं भांडण वेगळं आहे.

गावाकडे आमचे एक तात्या आहेत, नात्याने लांबचे. गेल्या दिवाळीत त्यांना मी नेमारची गोष्ट सांगितली. २०१७ ला पॅरिसच्या क्लबने त्याला बार्सिलोनाकडून २२.२ कोटी युरोंना घेतलं. मी म्हटलं, तात्या, आपल्याकडे उगाच नेत्यांना नावं ठेवतात, तिकडेही हेच चालतं. तात्यांनी तंबाखू मळता मळता ऐकलं आणि म्हणाले, "त्याचे पाय त्याचे हायेत रे, नेऊ दे की. पन ह्या गड्यायनं तं आपलं बोट नेलं!"

बस्स. मी इतके दिवस जे शोधत होतो ते हेच. खेळाडू क्लब बदलतो तेव्हा तो स्वतःची मेहनत घेऊन जातो. म्हणून त्याला बांधून ठेवणं अन्याय होता आणि कोर्टाने सोडवलं ते योग्य केलं. त्याची किंमत पेपरात छापून येते, कराराची मुदत सगळ्यांना माहीत असते, खिडकी कधी उघडते आणि कधी बंद होते हेही. आमदार-खासदार पक्ष बदलतो तेव्हा तो जे घेऊन जातो ते त्याचं नसतंच. शाई आमच्या बोटाला लागलेली असते. वर किंमत काय ठरली, पैशात की मंत्रिपदात की आणखी कशात, ते कधीच छापून येत नाही. त्यावर फक्त घोषणा होतात आणि त्या कुणी सिद्धही करत नाही. म्हणून 'फुटबॉलमध्येही असंच असतं' हे समर्थन मला मान्य नाही. फुटबॉलमध्ये असं नसतं.

मग उपाय काय? तर साधा आणि जुनाच. जायचंय ना, जा. पण आधी राजीनामा दे आणि नव्या जर्सीत परत मैदानात ये. हे स्वप्नरंजन नाही, महाराष्ट्रात झालेलं आहे. नारायण राणे २००५ ला शिवसेना सोडून काँग्रेसमध्ये गेले, राजीनामा दिला, मालवणची पोटनिवडणूक लढवली आणि जिंकले. उदयनराजे भोसले २०१९ ला राष्ट्रवादी सोडून भाजपमध्ये गेले, खासदारकीचा राजीनामा दिला, साताऱ्यात परत उभे राहिले आणि श्रीनिवास पाटलांकडून हरले. एकाला लोकांनी ठेवलं, एकाला घरी पाठवलं. दोन्ही निकाल मला सारखेच पसंत आहेत, कारण दोन्ही वेळा बोट ज्याचं होतं त्याला विचारलं गेलं.

समर्थकाची ट्रान्सफर कधीच होत नाही, हे फुटबॉलमधलं जुनं दुखणं आहे. खेळाडू जातो, कोच जातो, मालक क्लब विकतो, आणि आपण त्याच रंगाचा मफलर गुंडाळून बसतो. पण निदान आर्सेनलचा मालक माझ्याकडे येऊन 'मी तुझ्याच नावाने हे करतोय' असं म्हणत नाही. आमच्या परभणीच्या माणसाला तेही ऐकून घ्यावं लागतं. पाच वर्षांतून एकदा शाई लावायला बोट पुढे करायचं, आणि मधल्या काळात ते बोट कुठल्या हॉटेलात मुक्कामाला आहे हे टीव्हीवर बघायचं. एवढा सहनशील समर्थक ना लंडनला मिळेल, ना जर्मनीत.

तेव्हा जगात जर्मनी आणि भारतात परभणी हे खरंच आहे म्हणायचं. यमक सोडून एक कारण तरी सापडलं.