तीन तास वीस मिनिटे

शाळेचे वेळापत्रक इतिहासाचे साधन म्हणून सहसा कोणी वाचत नाही. पण एक वेळापत्रक असे आहे की ज्यात एका पिढीचा सारा शैक्षणिक वाद सामावला आहे. २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्धा येथे गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. तिने नेमलेल्या डॉ. झाकिर हुसेन समितीने त्याच वर्षी डिसेंबरात अहवाल दिला. समितीत विनोबा, काका कालेलकर, किशोरलाल मश्रूवाला, कुमारप्पा, आर्यनायकम् दांपत्य अशी मंडळी होती. अहवालातील दिनक्रम असा: मूलोद्योग ३ तास २० मिनिटे, संगीत, चित्रकला व गणित मिळून ४० मिनिटे, मातृभाषा ४० मिनिटे, समाजशास्त्र व सामान्य विज्ञान ३० मिनिटे, व्यायाम १० मिनिटे, मधली सुट्टी १० मिनिटे. एकूण साडेपाच तास. शाळा वर्षाला २८८ दिवस. गुणाकार केला तर वर्षाकाठी ९६० तास हाताचे काम होते.

विज्ञानाला अर्धा तास, तोही समाजशास्त्राबरोबर वाटून! हे प्रथम वाचले तेव्हा माझ्या कपाळाला आठी पडली, हे कबूल करतो. पण समितीचे म्हणणे असे की विज्ञान त्या अर्ध्या तासात शोधू नका, ते तीन तास वीस मिनिटांत आहे. उद्योग आणि ज्ञान एकमेकांत विणलेले असावे, या पद्धतीला ‘समवाय’ हे नाव मिळाले. हा दावा कितपत खरा आहे? ज्या टकळीची पुढे सर्वाधिक चेष्टा झाली, तिच्यावरच तो तपासून पाहू.

कापसाचा तंतू जेमतेम इंचभर लांब. असे सुटे तंतू एकत्र येऊन मैलोगणती लांब सूत कसे होते? त्यांना चिकटवणारा डिंक नाही. पीळ दिला की तंतू एकमेकांवर दाबले जातात, दाब वाढला की घर्षण वाढते आणि ओढले तरी ते निसटत नाहीत. सूत तुटले की पीळ कमी पडला का, पेळू नीट झाला नव्हता का, की हात घाईने वर गेला, हे मुलाला स्वतः शोधावे लागते. टकळीची पितळी चकती कशासाठी? गती टिकवण्यासाठी. चकती रुंद केली तर टकळी अधिक वेळ फिरते, पण फिरवताना बोटांना अधिक जोर लागतो. जडत्वाचा याहून स्वस्त प्रयोग मला माहीत नाही.

आता गणित. ८४० वारांची एक लड, आणि एका पौंडात अशा जितक्या लडी बसतील तो सुताचा अंक. १६ अंकाचे एक पौंड सूत उलगडले तर १३,४४० वार, म्हणजे साडेसात मैलांहून अधिक भरते. सूत बारीक तितका अंक मोठा. व्यस्त प्रमाण शिकवायला आणखी काय हवे? गंमत पुढेच आहे. सुताला दर इंचाला किती पीळ हवेत, हे अंकाच्या वर्गमूळावर ठरते. गुणक ४ धरला तर १६ अंकाला इंचामागे १६ पीळ, २५ अंकाला २० आणि ३६ अंकाला २४. वर्गमूळ म्हणजे फळ्यावरचा नुसता सोपस्कार नव्हे, हे सातवीतल्या मुलाच्या बोटांना कळू शकते.

‘कळू शकते’ असे मी जपून लिहिले आहे. कारण बहुतेक शाळांत ते कळले नाही. टकळी फिरत राहिली आणि वर्गमूळ फळ्यावरच राहिले. समवाय साधायला शिक्षकाला सूतही चांगले कातता यायला हवे आणि त्यामागचे गणितही. अशी माणसे थोडी आणि तयारीला वेळ थोडा. त्यातच स्वावलंबनाचा प्रश्न होता. मुलांनी केलेल्या मालाच्या विक्रीतून शिक्षकांचे वेतन निघावे, अशी गांधीजींची अपेक्षा होती. मुलांच्या या मालाची स्पर्धा गावच्या कारागिरांशीच होईल, हा आक्षेप अर्थतज्ज्ञ के. टी. शहा यांनी परिषदेतच घेतला होता. आर्थिक बाजूवर भर देता देता शिक्षणाचा हेतू बाजूला पडण्याचा धोका आहे, असा इशारा खुद्द समितीनेही दिला होता. १९३९ च्या अखेरीस प्रांतांतील काँग्रेस मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले आणि या प्रयोगाचा राजाश्रयही ओसरला.

अहवालातील आणखी एका तरतुदीची चर्चा फारशी होत नाही. पाचवीपर्यंत मुलामुलींचा अभ्यासक्रम जवळपास एकच. सहावी-सातवीत मात्र मुलींना मूलोद्योगाऐवजी गृहशास्त्राचा वरचा अभ्यासक्रम घेण्याची मुभा होती. मुलग्यांना तशी मुभा नव्हती. म्हणजे श्रमाची प्रतिष्ठा सांगणाऱ्या अहवालातही घरातले श्रम बारा वर्षांच्या मुलीच्याच वाट्याला ठेवले गेले. सेवाग्रामच्या शाळेत प्रत्यक्षात निराळे घडत होते. तिथे स्वयंपाक, धान्य निवडणे, आवार व संडास सफाई ही कामे मुलगे आणि मुली दोघेही करीत. कागदापेक्षा व्यवहार पुढे गेल्याचे असे उदाहरण शिक्षणाच्या इतिहासात विरळाच. एरवी नेमके उलटे घडते.

पुढची कहाणी थोडक्यात सांगता येईल. कोठारी आयोगाने (१९६४-६६) ‘कार्यानुभव’ सुचवला. १९७७ मध्ये ईश्वरभाई पटेल समितीने ‘समाजोपयोगी उत्पादक कार्य’ असे भारदस्त नाव दिले. नावे वाढली, तास घटले. कागदी फुले, खडू आणि परीक्षेच्या आदल्या दिवशी आईने शिवून दिलेला रुमाल, हे आपणा सर्वांच्याच ओळखीचे आहे.

मात्र पुणे जिल्ह्यातील शिरूर तालुक्यात, पाबळच्या कोरडवाहू माळावर, या धाग्याला पुन्हा पीळ पडला. डॉ. श्रीनाथ कलबाग (१९२८-२००३) हे अन्नतंत्रज्ञ. अमेरिकेत डॉक्टरेट, नंतर हिंदुस्थान लिव्हरच्या प्रयोगशाळेत बरीच वर्षे संशोधन. ती नोकरी सोडून त्यांनी १९८३ मध्ये पाबळला विज्ञान आश्रम सुरू केला. आठवी ते दहावीच्या मुलांना आठवड्यातला एक दिवस हाताचे काम, आणि विषय चार: अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन, गृह-आरोग्य. चारही विषय मुलगे आणि मुली दोघांना. मुलगी वेल्डिंग करते, मुलगा शिवण घालतो. शिकवायला गावातले कसबी लोक. काम खरे हवे, म्हणजे ते कोणाला तरी लागणारे आणि मोबदला देण्याजोगे हवे, हा आग्रह. राज्याच्या माध्यमिक शिक्षण मंडळानेही पुढे हा विषय मान्य केला.

वर्ध्याशी तुलना करता मला एक फरक महत्त्वाचा वाटतो. वर्ध्यात एक उद्योग निवडून त्यातून सगळे ज्ञान काढायचे होते. पाबळने एका उद्योगावर एवढे ओझे टाकले नाही. गृह-आरोग्यात रक्तगट व हिमोग्लोबिन तपासणे येते आणि चिक्की करणेही. सगळ्या विज्ञानाला सुतातूनच वाट काढण्याची सक्ती नाही. संशोधनासाठी आमच्याकडे येणाऱ्या हुशार मुलांना समीकरण सोडवता येते, पण गळणारा सांधा आवळताना पाना कोणत्या बाजूने फिरवायचा हे विचारावे लागते. तेव्हा आठवड्यातल्या त्या एका दिवसाची किंमत मला कळते.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या दरम्यान दप्तराविना दहा दिवस हाताच्या कामासाठी सुचवले आहेत. ९६० तासांपुढे दहा दिवस म्हणजे काहीच नाही, पण कागदी फुलांपेक्षा पुष्कळ. सुरुवात चिक्कीने करून पाहावी. गुळाचा पाक उकळताना पाणी उडून जाते, द्रावण दाट होते आणि त्याचा उत्कलनांक चढत जातो. १४० अंशांच्या पुढे गेलेल्या पाकाचा थेंब गार पाण्यात टाकला तर तो काचेसारखा कडक होतो; त्याआधी काढला तर मऊ, ओढला तर ताणणारा राहतो. हीच आजीची परीक्षा. दर दोन मिनिटांनी एक थेंब टाकून त्याचे रूप वहीत लिहून घ्यावे. भांड्याजवळ मोठ्या माणसाने उभे राहावे, कारण या पाकाचा चटका पाण्याच्या चटक्याहून वाईट. आणि प्रयोगशाळेतला नेहमीचा तापमापी पाकात घालू नये. तो बहुधा ११० अंशांपर्यंतचाच असतो, फुटेल.