रेघ ओढण्यापूर्वींचा हिशेब

आधीं आराखडा, मग उकाड्याची तजवीज, असा क्रम घरबांधणींत रूढ झाला आहे. तो किती महाग पडतो हें ज्यास पाहावयाचें असेल, त्यानें ल कॉर्ब्यूझ्ये या विख्यात वास्तुशिल्पज्ञाच्या दोन कामांचा इतिहास शेजारीं शेजारीं ठेवून वाचावा, असें आम्हांस वाटतें.

पहिलें काम पॅरिसमधील. सॅल्व्हेशन आर्मीनें निराश्रितांकरितां बांधविलेला आश्रम १९३३ च्या डिसेंबरांत उघडला. दक्षिणेकडील सबंध भिंत कांचेची, आणि तींतील एकही खिडकी उघडणारी नाहीं! मूळ कल्पना अशी कीं, कांच दुहेरी बसवावी, मधल्या पोकळींतून उष्ण किंवा शीत हवा खेळवावी आणि आंतील हवा यंत्रानें राखावी. पैसा अपुरा पडला. दुसरी कांच गेली, थंडाव्याचें यंत्र गेलें. नकाशा मात्र तोच राहिला. हिवाळा सुखाचा गेला. उन्हाळा येतांच कांचेमागील माणसें घुसमटूं लागलीं. अखेर खिडक्या उघडत्या कराव्या लागल्या, आणि महायुद्धानंतर त्या भिंतीपुढें ऊन अडविणारे पडदे बांधावे लागले. ज्यांस दुसरा आसरा नव्हता त्यांनींच या प्रयोगाचें मोल दिलें, हें आम्हांस विशेष बोंचतें.

दुसरें काम चंदीगडचें. १९५१ सालीं तें हातीं आल्यावर याच गृहस्थानें सहकाऱ्यांसह 'हवामानाचा तक्ता' रचला. बारा महिन्यांची उष्णता, आर्द्रता, वारा आणि भोंवतालच्या पृष्ठभागांची धग प्रथम टिपावयाची. सुखावह स्थितीस त्यांत काय बदल हवा तें त्याखालीं. आणि त्यावर वास्तूनेंच करावयाचा उपाय शेवटीं. तक्ता केला म्हणजे सर्व साधलें असें अर्थात् नव्हे. सचिवालयाचे काँक्रीटचे पडदे दिवसा सावली देतात, पण स्वतः तापून तीच उष्णता रात्रीं परत सोडतात.

हा हिशेब सामान्य बांधकामास सुलभ केला ऑटो कोनिग्सबर्गर यांच्या मंडळीनें. जर्मनी सोडावी लागलेले हे गृहस्थ १९३९ पासून म्हैसूर संस्थानचे मुख्य वास्तुशिल्पज्ञ होते. पुढें ते लंडनला गेले. त्यांचे सहकारी कार्ल महोनी यांच्या नांवाचीं कोष्टकें संयुक्त राष्ट्रांनीं १९७१ सालीं छापलीं. त्यांस कागद-पेन्सिल पुरते. दमट उकाडा वर्षांतून तीनच महिने असला, तरी खोल्या एकेरी ओळींत मांडून वारा आरपार जाऊं द्यावा, असें कोष्टक स्पष्ट सांगतें.

आज संगणक याहून कितीतरी सूक्ष्म गणित करतो. पण पुष्कळदां त्यास बोलावितात तें नकाशा पक्का झाल्यावर. महोनींच्या कोष्टकांत पहिला प्रश्न भिंतीचा नाहीं, छपराचाही नाहीं. इमारतीची लांब बाजू कोणत्या दिशेस करावी, हा आहे.