गोव्यातील वाहतूक

गोव्यातील वाहतूक ही रस्ते, रेल्वे, जलमार्ग, बंदरे व विमानतळ यांच्या परस्परांशी जोडलेल्या जाळ्यावर चालते. क्षेत्रफळाने (३,७०२ चौ. कि.मी.) भारतातील सर्वांत लहान असलेल्या या राज्यात अंतरे फारशी मोठी नाहीत. मात्र सह्याद्रीतून निघून अरबी समुद्राला मिळणाऱ्या नद्यांनी किनारपट्टीचे तुकडे केले आहेत. त्यामुळे राज्यातील वाहतुकीचा इतिहास बव्हंशी या नद्या ओलांडण्याचा इतिहास आहे. उत्तर व दक्षिण गोव्यातील दळणवळण आजही मोजक्याच पुलांवर अवलंबून असून त्यांपैकी एखादा बंद पडल्यास त्याचा परिणाम संपूर्ण राज्यावर होतो.

भौगोलिक पार्श्वभूमी

उत्तरेकडून दक्षिणेकडे तेरेखोल, शापोरा, मांडवी, जुवारी, साळ, तळपण व गालजीबाग या गोव्यातील प्रमुख नद्या होत. मांडवी व जुवारी यांची मुखे रुंद असून कुंभारजुवे कालवा या दोन नद्यांना जोडतो. पूर्वेस सह्याद्रीची भिंत असल्याने कर्नाटकाकडे जाणारे रस्ते व लोहमार्ग घाटांतूनच काढावे लागले. नदीकाठच्या खाजन जमिनी, म्हणजेच बांध घालून व मानशींच्या साहाय्याने भरतीचे पाणी नियंत्रित करून लागवडीखाली आणलेल्या सखल जमिनी, हाही रस्ते व लोहमार्गांच्या आखणीतील महत्त्वाचा घटक आहे.

रस्ते व पूल

पणजी व रायबंदर यांना जोडणारा सुमारे ३ कि.मी. लांबीचा बांधीव मार्ग पोर्तुगीज व्हाइसरॉय लिन्यारिश याच्या काळात, १६३०च्या दशकात, दलदलीच्या जमिनीवर उभारण्यात आला. तो अद्याप वापरात आहे. मांडवी व जुवारी यांच्या रुंद मुखांवर मात्र पोर्तुगीज राजवट संपेपर्यंत रस्त्याचे पूल नव्हते व तेथील वाहतूक होड्या आणि फेरीबोटींनी होत असे.

१९६१ मध्ये गोवा मुक्त झाल्यानंतर पणजी व पर्वरीच्या दरम्यान मांडवीवर पहिला मोठा पूल बांधण्यात आला. ५ जुलै १९८६ रोजी हा पूल कोसळला. पूर्वताणित काँक्रीटमधील पोलादी तारांना लागलेला गंज हे त्याचे प्रमुख कारण मानले जाते. राजधानी व बार्देश तालुका यांतील थेट रस्ता तुटल्याने ही वाहतूक पुन्हा फेरीबोटींवर आली. नवा पूल १९९२ मध्ये खुला झाला व पुढे त्याला समांतर दुसरा पूल बांधण्यात आला. तारांच्या आधारावर पेललेला, जोडरस्त्यांसह सुमारे ५.१ कि.मी. लांबीचा तिसरा पूल 'अटल सेतू' या नावाने २७ जानेवारी २०१९ रोजी वाहतुकीसाठी खुला करण्यात आला.

आगशी व कुठ्ठाळी यांना जोडणारा जुवारीवरील पूल १९८३ पासून वापरात होता. कालांतराने त्याच्या भारक्षमतेविषयी शंका निर्माण झाल्याने अवजड वाहनांना त्यावर मनाई करण्यात आली व ती वाहतूक फोंडा तालुक्यातील बोरी पुलावरून वळवावी लागली. नव्या आठपदरी जुवारी पुलाची एक बाजू डिसेंबर २०२२ मध्ये व दुसरी डिसेंबर २०२३ मध्ये वाहतुकीसाठी खुली झाली.

राष्ट्रीय महामार्ग ६६ (पूर्वीचा क्र. १७) पत्रादेवी येथे राज्यात प्रवेश करतो व म्हापसा, पणजी, मडगाव, काणकोण असा जाऊन पोळे येथे कर्नाटकात शिरतो. राष्ट्रीय महामार्ग ७४८ (पूर्वीचा ४-अ) पणजी व फोंडा यांना अनमोड घाटामार्गे बेळगावशी जोडतो. बेळगावकडे जाणारा दुसरा मार्ग सत्तरी तालुक्यातून चोर्ला घाटाने जातो.

सार्वजनिक प्रवासी वाहतूक

गोव्यातील बससेवा दीर्घकाळ खासगी मालकांच्या हाती होती. विद्यार्थ्यांना बसभाड्यात ५० टक्के सवलत मिळावी यासाठी १९७८–७९ मध्ये मोठे विद्यार्थी आंदोलन झाले. त्यानंतर १९८० मध्ये शासकीय मालकीच्या कदंब वाहतूक महामंडळाची स्थापना झाली. मध्ययुगात गोव्यावर राज्य करणाऱ्या कदंब घराण्यावरून महामंडळाला हे नाव देण्यात आले. आजही अनेक मार्गांवर महामंडळाच्या व खासगी बस एकत्रच धावतात.

भाड्याने मिळणारी दुचाकी हे गोव्याचे वैशिष्ट्य मानले जाते. परवानाधारक चालकाला 'पायलट' म्हणतात व पिवळ्या मडगार्डवरून त्याची दुचाकी ओळखता येते. पर्यटनामुळे टॅक्सी व्यवसायही वाढला असून भाडेमीटर व अ‍ॅपवर आधारित सेवा यांवरून पारंपरिक टॅक्सीचालक आणि शासन यांच्यात वारंवार वाद झाले आहेत.

रेल्वे

गोव्यातील पहिला लोहमार्ग १८७८ च्या ब्रिटिश–पोर्तुगीज करारानंतर १८८०च्या दशकात बांधण्यात आला. मुरगाव बंदरापासून कुळेमार्गे सह्याद्री चढून कॅसल रॉक येथे ब्रिटिश भारतातील रेल्वेला मिळणारा हा मार्ग मीटरमापी होता. घाटातील त्याचा चढ ३७ मीटरला १ मीटर इतका तीव्र असून तो दूधसागर धबधब्यासमोरून जातो. १९९०च्या दशकात त्याचे रुंदमापीत रूपांतर झाले. सध्या तो दक्षिण पश्चिम रेल्वेच्या अखत्यारीत आहे.

किनाऱ्याला समांतर जाणाऱ्या कोकण रेल्वेच्या उभारणीसाठी १९९० मध्ये स्वतंत्र महामंडळ स्थापन झाले. त्याच्या मूळ भागभांडवलात रेल्वे मंत्रालयाचा ५१, महाराष्ट्राचा २२, कर्नाटकाचा १५ आणि गोवा व केरळ यांचा प्रत्येकी ६ टक्के वाटा होता. गोव्यातील सुमारे १०५ कि.मी. मार्गाच्या आखणीला तीव्र विरोध झाला. भरावांमुळे खाजन जमिनींतील पाण्याचा निचरा अडेल व जुने गोवे येथील वारसास्थळांना बाधा पोहोचेल, असे विरोधकांचे म्हणणे होते. लोहमार्ग अधिक पूर्वेकडून नेण्याची त्यांची मागणी होती. १९९३ मध्ये केंद्र शासनाने न्यायमूर्ती ओझा यांचा एकसदस्यीय आयोग नेमला. त्यानंतर मार्ग मूलतः कायम राहिला. पेडणे येथील बोगद्यात मऊ, पाणी धरणारी माती वारंवार ढासळल्याने कामास मोठा विलंब झाला. २६ जानेवारी १९९८ रोजी संपूर्ण कोकण रेल्वेचे लोकार्पण झाले. पेडणे, थिवी, करमळी, मडगाव व काणकोण ही राज्यातील तिची महत्त्वाची स्थानके होत. मडगाव येथे ती जुन्या मार्गाला मिळते.

जलवाहतूक

नदी परिवहन खात्यामार्फत पणजी–बेती, रायबंदर–चोडण, जुने गोवे–दिवाडी, केरी–तेरेखोल इत्यादी मार्गांवर फेरीबोटी चालविल्या जातात. दिवाडी बेटावर पूल नसल्याने शाळा, बाजार, रुग्णालय अशा दैनंदिन गरजांसाठी तेथील रहिवासी फेरीबोटीवर अवलंबून आहेत. पायी येणाऱ्या प्रवाशांकडून भाडे आकारले जात नाही. राष्ट्रीय जलमार्ग अधिनियम, २०१६ नुसार कुंभारजुवे (क्र. २७), मांडवी (क्र. ६८) व जुवारी (क्र. १११) हे राष्ट्रीय जलमार्ग म्हणून घोषित झाले आहेत.

जुवारीच्या मुखाशी असलेले मुरगाव बंदर देशातील प्रमुख बंदरांपैकी एक आहे. खाणींतील लोहखनिज बार्जमधून मांडवी व जुवारी नद्यांतून येथे आणले जात असे. पावसाळ्यात मांडवीचे मुख वाळूच्या दांड्यामुळे धोकादायक बनते, तेव्हा बार्ज कुंभारजुवे कालव्यातून जुवारीत येत. २०१२ मध्ये खाणकाम थांबल्याने व फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केल्याने बार्ज व ट्रक व्यवसायावर अवलंबून असलेल्या अनेक कुटुंबांचे उत्पन्न बुडाले.

हवाई वाहतूक

१९५०च्या दशकात भारताने घातलेल्या आर्थिक निर्बंधांमुळे गोव्याचा जमिनीवरून होणारा संपर्क खंडित झाला. या पार्श्वभूमीवर पोर्तुगीज प्रशासनाने दाबोळी येथे १९५५ मध्ये विमानतळ उभारला. मुक्तीनंतर तो भारतीय नौदलाकडे आला. नौदलाच्या 'आयएनएस हंसा' या तळाच्या आवारातच नागरी विमानतळ असल्याने प्रवासी उड्डाणांवर वेळेच्या मर्यादा आल्या. पेडणे तालुक्यातील मोपा येथे उभारलेल्या दुसऱ्या विमानतळाचे उद्घाटन ११ डिसेंबर २०२२ रोजी झाले व ५ जानेवारी २०२३ पासून तेथून उड्डाणे सुरू झाली. माजी मुख्यमंत्री मनोहर पर्रीकर यांचे नाव त्यास देण्यात आले आहे. दाबोळी दक्षिणेस व मोपा उत्तर सीमेजवळ असल्याने दोहोंतील प्रवासात मांडवी व जुवारी या दोन्ही नद्या ओलांडाव्या लागतात.

पर्यावरण व लोकविरोध

दक्षिण पश्चिम रेल्वेच्या मार्गाचे दुपदरीकरण हा अलीकडील प्रमुख वाद आहे. या कामामुळे मुरगाव बंदरातून होणारी कोळशाची वाहतूक वाढेल आणि भगवान महावीर अभयारण्यातील जंगल तोडले जाईल, असे आक्षेपकांचे म्हणणे आहे. रेल्वेच्या मते प्रवासी व मालवाहतुकीची क्षमता वाढविण्यासाठी हे काम आवश्यक आहे. नोव्हेंबर २०२० मध्ये चांदर येथे नागरिकांनी लोहमार्गावर रात्रभर निदर्शने केली. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कॅसल रॉक–कुळे टप्प्याला राष्ट्रीय वन्यजीव मंडळाच्या स्थायी समितीने दिलेली मान्यता रद्द केली.