एक्झिट पोल : नमुन्याचा कल आणि अचूकतेचे मापन (केज)

मत देऊन बाहेर पडलेल्या मतदारांच्या उत्तरांवरून बांधलेला अंदाज कोणत्या बाजूला आणि किती चुकला, हे ठरवण्याची पद्धत. बीड जिल्ह्यातील केज या राखीव (अनुसूचित जाती) विधानसभा मतदारसंघात तिचा कस लागतो. २०२४मध्ये बीड लोकसभेत (केज त्यातच मोडते) बजरंग सोनवणे यांनी पंकजा मुंडे यांना ६,५५३ मतांनी हरवले. नोव्हेंबरातल्या विधानसभा निवडणुकीत केजमध्ये नमिता मुंदडा यांनी पृथ्वीराज साठे यांच्यावर तीन हजारांहून कमी मतांनी मात केली.

हजार मतदारांच्या निव्वळ यादृच्छिक नमुन्यात सुमारे ३ टक्के इकडेतिकडे होतेच. प्रत्यक्षात चाळीस केंद्रांवर पंचवीस-पंचवीस जण गाठले जातात आणि एका वस्तीतली मते बरीच सारखी असतात. हे साम्य ०.१ धरले तरी हजारांचे मोल जेमतेम २९४ उरते आणि चूक ५.७ टक्क्यांवर जाते. एवढ्यावर केजचा विजेता छातीठोकपणे सांगणे अप्रामाणिकपणाचे आहे.

नमुना वाढवला की ही चूक घटते, कल (एकाच बाजूला झुकणारी चूक) घटत नाही. अंबाजोगाईची केंद्रे सहज गाठता येतात, आडवळणाच्या वाड्या-तांडे सुटतात. प्रश्न बाईला विचारला तर उत्तर शेजारी उभा नवरा देतो. काही जण हात जोडून निघून जातात. ऊसतोड कामगारांची गोष्ट वेगळी. मतदान २० नोव्हेंबरला होते, गळीत हंगाम १५ तारखेला सुरू झालेला. जे कारखान्यांवरून मतदानाला परतले नाहीत ते नमुन्यात नसणे योग्यच. पण नंतर जनगणनेच्या प्रमाणात भारांकन केले, तर त्यांचे वजन गावात राहिलेल्यांवर चढते.

कल मोजायचा तर निवडणूक आयोगाचा केंद्रनिहाय निकाल (नमुना २०) हवा. निवडलेल्या केंद्रांची खरी बेरीज मतदारसंघाच्या निकालाशी ताडली की केंद्रनिवडीतली चूक कळते. त्याच केंद्रांवरची उत्तरे तिथल्या खऱ्या मतांशी ताडली की नकार आणि लपवाछपवी कळते. मार्टिन, ट्रॉगॉट व केनेडी यांचा २००५चा निर्देशांक दोन प्रमुख उमेदवारांच्या मतांचे अंदाजातले गुणोत्तर निकालातल्या गुणोत्तराने भागून त्याचा लॉगरिदम घेतो. त्याच्या चिन्हावरून चुकीची दिशा दिसते.

दिशा महत्त्वाची, कारण ती पालटते. ॲक्सिस माय इंडिया या सर्वेक्षण संस्थेने २०२४मध्ये लोकसभेला महायुतीला राज्यात २८–३२ जागा दिल्या, मिळाल्या १७. विधानसभेला १७८–२०० दिल्या, तीन प्रमुख पक्षांनाच २३० मिळाल्या. म्हणून मागच्या चुकीवरून ठरवलेली दुरुस्ती पुढच्या वेळी चालत नाही. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२६-ए नुसार लोकसभेला बीडचे १३ मेचे मतदान होऊनही अंदाज १ जूनच्या सायंकाळी साडेसहापर्यंत प्रसिद्ध करता येत नव्हते. निकालानंतर मात्र केंद्रांची यादी आणि नकारांची संख्या जाहीर करायला कोणतीच आडकाठी नाही, आणि ती जाहीर व्हायलाच हवी.