सुंभ, सुकाणू आणि बंद झालेली दुकानं

चिखलोलीत राहून बोटींच्या सामानाच्या दुकानांवर लिहायचं म्हणजे वाळवंटात बसून छत्र्यांच्या धंद्यावर बोलण्यासारखं आहे, हे मला मान्य आहे. आमच्याकडे पाणी म्हणजे चिखलोलीचं धरण आणि पावसाळ्यात अंगात आल्यासारखी वागणारी उल्हास नदी. बोटींचं म्हणाल, तर अलीकडे इथल्या लोकांनी त्या मोठ्या संख्येने पाहिल्या २७ जुलै २०१९ ला. बदलापूर-वांगणीच्या मधे महालक्ष्मी एक्सप्रेस पुरात अडकली आणि हजाराच्या वर प्रवाशांना बोटींतून बाहेर काढावं लागलं. त्या बोटी बाहेरून आल्या होत्या, काम संपल्यावर गेल्या. तरी लिहितोय.

निमित्त भाच्याचं. तो अमेरिकेत असतो, समुद्राजवळ, आणि त्याच्याकडे एक लहानशी शिडाची होडी आहे. (ताई, काळजी करू नकोस, तो लाइफ जॅकेट घालतो.) मागच्या महिन्यात फोनवर म्हणाला, "मामा, आमच्या इथलं बोटीच्या सामानाचं मोठं दुकान बंद झालं." मी म्हटलं, मग काय झालं, ऑनलाइन मागव की. तर म्हणतो, "सामान मागवतोच. पण कुठल्या कामाला कुठला दोर घ्यायचा हे सांगणारे एक आजोबा तिथे काउंटरवर असायचे, ते कुठून मागवू?"

मला हे बोलणं लागलं. मग नेहमीप्रमाणे खोदत बसलो.

त्या देशात या धंद्यातलं सगळ्यात मोठं नाव म्हणजे वेस्ट मरीन. याची सुरुवात दोराने झाली. १९६८ साली रँडी रिपास नावाच्या तरुणाने कॅलिफोर्नियात घराच्या गॅरेजमधून नायलॉनचे दोर विकायला सुरुवात केली. नावही 'वेस्ट कोस्ट रोप्स'. १९७५ ला पालो आल्टोला पहिलं दुकान. पुढे १९९३ ला शेअर बाजारात, १९९६ ला एक मोठी प्रतिस्पर्धी साखळी विकत, २००३ ला आणखी एक. २००५ च्या सुमारास दुकानं चारशेच्या घरात. प्रत्येक धक्क्यावर जी लहान, घरगुती दुकानं होती, त्यांना या साखळ्यांशी भावात टक्कर देणं जमण्यासारखं नव्हतं. मग २००८ ची मंदी आली आणि अमेरिकन माणसाने सगळ्यात आधी काय घ्यायचं थांबवलं असेल, तर बोट. कंपनीने लहान दुकानं मिटवून कमी पण अवाढव्य दुकानं काढायचं ठरवलं. २०११ ला फ्लोरिडात फोर्ट लॉडरडेलला सुमारे ५० हजार चौरस फुटांचं दुकान उघडलं. एवढी जागा भरायची कशाने? तर कपडे, गॉगल, चपला. बोटीच्या दुकानात बूट! २०१७ ला एका गुंतवणूक कंपनीने ती साखळी घेतली, २०२१ ला दुसरीने. तोवर दुकानं अडीचशेच्या आत आली होती.

लोक म्हणतात इंटरनेटने मारलं. अर्धं खरं असेल. पण मला हे सगळं वाचताना सारखं वाटत होतं की ही गोष्ट आपल्याकडे आधी होऊन गेलेली आहे, आणि तेव्हा तर इंटरनेट नव्हतं.

चिखलोलीहून लोकल धरली की उल्हासनगर ओलांडून आपण कल्याणला पोचतो. आज कल्याण म्हटलं की जंक्शन आठवतं, पण हे गाव मुळात बंदर आहे. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक दर्यावर्द्याच्या पुस्तकात त्याचा उल्लेख आहे. १६५७ ला शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली आणि लगोलग इथे जहाजं बांधायला काढली. कामावर पोर्तुगीज कारागीरही होते, जे पुढे त्यांच्याच लोकांच्या दबावाने काम सोडून गेले. आता विचार करा, जिथे जहाजं बांधली जातात आणि गलबतं थांबतात, तिथे काय काय लागत असेल. सागवान, शिडाचं कापड, डांबर, राळ, फळ्यांच्या सांध्यात ठासायला कापूस, लोखंडी खिळे, नांगर, आणि मैलोगणती दोर. दोर बहुतेक काथ्याचा, म्हणजे सुंभ, कारण तो खाऱ्या पाण्यात टिकतो आणि तरंगतो. सुंभ जळला तरी पीळ जात नाही असं आपण घरात सासऱ्यांबद्दल म्हणतो, पण म्हण आली ती या दोरावरून.

१ मे १८५४ ला आगगाडी ठाण्याहून कल्याणला आली. घाटावरचा माल पूर्वी कल्याणच्या खाडीत गलबतात चढायचा, भरतीची वाट पाहायचा, मग मुंबईला जायचा. आता तो वाघिणीतच बसून जाऊ लागला. कल्याणचं बंदर कोणी बंद केलं नाही. फक्त तिथे थांबायचं कारण संपलं. पुढे खाडीत उरली ती मुख्यतः रेती काढणाऱ्यांची होडकी, आणि नाव उरलं रेतीबंदर.

मुंबईचं हेच, पण शंभर-सव्वाशे वर्षांनी. काळाघोड्याला रोप वॉक लेन आहे, आजचा साईबाबा मार्ग. लोक तिथे खेकडे खायला जातात. जहाजाचा लांब दोर वळायचा तर तेवढीच लांब सरळ जागा लागते, कारागीर धागे घेऊन उलट्या पावली चालत जातो, म्हणून 'वॉक'. जवळच्याच गोदीत वाडिया मंडळी सागवानी जहाजं बांधत होती. त्यांनी १८१७ ला पाण्यात सोडलेलं 'ट्रिंकोमाली' आजही इंग्लंडात हार्टलपूलला तरंगतंय. तिकडे भाऊ अजिंक्यांनी १८४१ ला धक्का बांधला, १८७५ ला ससून डॉक आला, १८८० ला प्रिन्सेस डॉक, १८८८ ला व्हिक्टोरिया, १९१४ ला अलेक्झांड्रा. या गोद्यांच्या पाठीवर शिपचँडलरांचा धंदा उभा राहिला. चँडलर म्हणजे मुळात मेणबत्त्या करणारा. जहाजाला मेणबत्त्या पुरवता पुरवता तो दोर, रंग, कंदील, बटाटे, मटण, सगळंच पुरवू लागला.

आता या धंद्याची खरी गोम. जुन्या पद्धतीत माल पोत्यांनी, पेट्यांनी, पाठीवर उतरायचा. जहाज आठवडा, कधी त्याहून जास्त दिवस धक्क्याला. तेवढ्या दिवसांत सारंग खाली उतरणार, चार दुकानं फिरणार, दोर हातात घेऊन पीळ उसवून बघणार, घासाघीस करणार. भंडारी भाजी बघणार. दुकान जगायचं ते या खोळंब्यावर. माझ्या मते हा धंदा मालापेक्षा गिऱ्हाइकाच्या रिकाम्या वेळावर जास्त चालतो.

२६ एप्रिल १९५६ ला 'आयडियल एक्स' नावाचं जहाज न्यूअर्कहून ५८ कंटेनर घेऊन ह्यूस्टनला निघालं आणि त्या रिकाम्या वेळाचा शेवट सुरू झाला. आपल्याकडे १९८९ ला न्हावाशेवा सुरू झालं, आणि मुंबईचे कंटेनर हळूहळू खाडीपलीकडे गेले. कंटेनरचं जहाज काही तासांत, फार तर दिवस-दीड दिवसात मोकळं होतं. सारंग खाली उतरतो कधी आणि दुकानात जातो कधी? १९७८ ला जहाजांसाठी खरेदी करणाऱ्यांची एक आंतरराष्ट्रीय संघटना निघाली. तिच्या सूचीत प्रत्येक वस्तूला सहा आकडी नंबर असतो. जहाज समुद्रात असतानाच नंबर पाठवायचे, धक्क्याला लागलं की टेम्पो हजर. शिपचँडलर आजही आहेत, चांगले चालतात. पण त्यांना गोदाम पुरतं, दुकानाची आणि काउंटरवरच्या माणसाची गरज उरली नाही. प्रिन्सेस आणि व्हिक्टोरिया या गोद्या तर पुढे भराव घालून बुजवल्याच.

ज्याला जहाजाचं सामान हातात घेऊन बघायचं आहे त्याने दारूखान्यात जावं, किंवा त्याहून मोठा बाजार बघायचा तर गुजरातेत अलंगला. १९८३ पासून तिथे जहाजं तोडतात, आणि रस्त्याच्या दुतर्फा मेलेल्या जहाजांच्या खुर्च्या, कपबशा, लाइफ जॅकेटं, दोर यांची दुकानं लागलेली आहेत. मला ते दृश्य फारसं आवडत नाही, पण भाच्याला आवडेल.

मग खोळंबा कुठे उरलाय? आपल्या कोळीवाड्यांत. महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद. बंदी सरकारी असली तरी सवय फार जुनी, पावसाळ्यात होड्या ओढून शाकारायच्या आणि नारळी पौर्णिमेला समुद्र मोकळा करायचा. या दोन महिन्यांत बोट किनाऱ्यावर, इंजिन उघडलेलं, जाळी पसरलेली. नाखव्याला वेळच वेळ. इथेही सगळं बदललंय. ताग-सुताच्या, घरी विणलेल्या जाळ्यांच्या जागी नायलॉन आला. गरवारेंचे दोर आणि जाळी कारखान्यातून येतात, आता घरी कोणी विणत नाही, फक्त सांधतात. तरी सातपाटी असो, करंजा असो, मच्छिमार सहकारी संस्था टिकून आहेत. डिझेल, बर्फ, जाळी अशा गोष्टींसाठी नाखवा त्यांच्याकडे जातो.

याचं दुसरं कारण उधारी. बोट समुद्रात जायच्या आधी सगळा खर्च, आणि पैसे मात्र मासळी आल्यावर. जो सामान देतो त्याला हा माणूस कोण, त्याची बोट कशी, मागचा हंगाम कसा गेला, हे माहीत असावं लागतं. पूर्वी हे काम सावकार-व्यापारी करायचा आणि त्या बदल्यात मासळी पडत्या भावात उचलायचा. सहकारी संस्था निघाल्या त्या बऱ्याच अंशी यातून सुटायला. त्या सगळ्या छान चालतात असं मुळीच नाही. थकबाकी आहे, भांडणं आहेत, निवडणुका आहेत. पण पन्नास हजार चौरस फुटांच्या दुकानाला गिऱ्हाइकाचं नाव कार्डावरून कळतं आणि इथे ते आजोबांपासून माहीत असतं.

भाच्याला हे सगळं लिहून पाठवलं. त्याचं उत्तर आलं की त्या काउंटरवरच्या आजोबांचा पत्ता लागलाय, शनिवारी ते धक्क्यावर असतात, आणि दोर कुठला घ्यायचा ते सांगतात. फुकट. फक्त कॉफी न्यावी लागते.